आतून उघडलेलं कुलूप

"कुणाचं घर फोडायचं ठरवलंयस, शैले?"

तात्या दारात उभे. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात छत्री. मी बाहेरच्या सोप्यात खाली मांडी घालून बसलेली, मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलात कुलूप आणि कुलपात दोन तारा. तात्यांनी सगळी नोकरी जेलमध्ये पहारा करत काढलेली. त्यामुळे त्यांच्या तोंडून असला प्रश्न आला की माझ्या छातीत धस्स व्हायचं, चाळिशी उलटली होती तरी.

"फोडायचं नाही हो तात्या. उघडायचं."

"दोन्हीत फरक काय?"

"फोडलेलं परत लावता येत नाही. हे येतं."

"आन् हे शिकवतंय कोण? तुझा दाताचा डॉक्टर?"

तसं म्हटलं तर हो. मी तेव्हा गडहिंग्लजला एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस होते. एकदा औषधांच्या कपाटाची किल्ली हरवली. डॉक्टरांनी किल्लीवाल्याला बोलावलं. तो आला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला, खांदा जरासा हलला आणि कपाट उघडलं! आम्ही बघतच राहिलो. त्याला म्हटलं, दाखवा की कसं केलंत. तो म्हणाला, बाई, हे दाखवलं तर मी खाऊ काय? झालं, त्या दिवसापासून माझ्या हाताला चैन नाही. दुपारी पेशंट नसले की दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर मी तेच बघत बसायची. जगभर लोक नुसत्या हौसेपोटी हे करतात, आपण शब्दकोडं सोडवतो तसं. त्यांचे नियमही कडक. आपल्या मालकीचं असेल तेच कुलूप उघडायचं, आणि दाराला लागलेल्या, वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही.

सुरुवातीला मी केसांच्या पिना वापरल्या. त्या काकडीसारख्या वाकायच्या. मग डॉक्टरांनी टाकून दिलेल्या, दात तपासायच्या सळया घरी आणल्या. पोलाद उत्तम, पण टोक नको तितकं अणकुचीदार, आत रुतून बसायचं. मागच्या पायरीवर बसून कानशीनं घासून घासून ती टोकं बोथट केली. पीळ द्यायला आधी छत्रीची काडी घेतली. ती इतकी ताठ की आत काय चाललंय ते बोटाला कळायचंच नाही. शेवटी रिक्षाच्या गॅरेजमधून जुन्या वायपरमधली पोलादी पट्टी मिळाली, ती मात्र बेस निघाली. बाजारात तयार संच मिळतात म्हणे. पण गडहिंग्लजच्या बाजारात जाऊन मी काय सांगू, कुलपं उघडायची हत्यारं द्या म्हणून?

तात्यांना मी ते सगळं दाखवलं. कुलपात बारीक पिना असतात, स्प्रिंगवर बसलेल्या. एका तारेनं हलका पीळ द्यायचा, दुसरीनं एकेक पीन उचलायची. पीळ जास्त झाला तर सगळ्या अडकतात, कमी झाला तर उचललेली परत खाली येते. नवशिका माणूस नेहमी जोर लावतो आणि तिथंच फसतो. आमचे डॉक्टर म्हणायचे, कीड डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळते. हेही तसंच होतं.

बोलता बोलता कुलूप उघडलं.

मला वाटलं, आता म्हणतील, मोठी शहाणी लागून गेलीस. पण त्यांनी मेथी तिथंच ठेवली, कुलूप हातात घेतलं, उजेडाकडे धरून फिरवून फिरवून बघितलं.

"ओरखडा उठत न्हाई?"

"आत असतील बारीक. बाहेरून काही दिसत नाही."

"मंजी सकाळी येऊन कुनी बघितलं तर त्याला वाटंल, लावायचंच राहिलं?"

"हो की. तसंच वाटेल."

ते खाली बसले. रात्री मेथीची भाजी त्यांच्या आवडीची केली होती, तरी अर्धी भाकरी टाकून उठले.

मला कळलं नाही असं नाही. मी नववीत असताना तात्यांच्या पहाऱ्यातल्या कोठडीतून एक कैदी पळाला होता. कुठल्या जेलातून, ते नाव मी घेत नाही. सकाळी बघतात तर कुलूप कडीत उघडं लोंबत होतं. फोडलेलं नाही, कापलेलं नाही. किल्ल्या जिथल्या तिथं. तो कैदी पुढं कधी सापडलाच नाही, त्यामुळे त्याला विचारायचीही सोय नव्हती. चौकशी झाली. तात्यांची हवालदाराची फीत गेली, लांब बदली झाली. संध्याकाळच्या फेरीत त्यांच्यासोबत असलेल्या केरबाकाकांची तर नोकरीच गेली. केरबाकाका म्हणजे आमच्या घरातलंच माणूस. दर सुट्टीला यायचे, येताना शेंगांची पिशवी घेऊन यायचे. त्या प्रकरणानंतर आले नाहीत. घरात कुणी तो विषय काढायचा नाही, असा न सांगता नियमच पडला होता. तात्या कुलूप लावायचं विसरले, असं सगळे म्हणत होते. तात्याही तेच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याला निघाले तर तात्यांनी कॉटखालून ट्रंक ओढली. कपड्यांच्या तळातून फडक्यात बांधलेलं एक धूड काढलं. काळं लोखंडी कुलूप, माझ्या पंजाएवढं. किल्ली त्यालाच सुतळीनं बांधलेली.

"हे किल्लीबिगर उघडतं का बघ."

"तात्या, हे ते…"

"ते न्हवं. पर एकाच घाण्यातलं. भंगाराचा लिलाव झाला तवा घेतलं."

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस ते कुलूप कॉटखाली ठेवून झोपत होता म्हणायचं!

"आणि उघडलं तर?"

"उघडलं तर मी लावलं असंल. न्हाई उघडलं तर मी इसरलो."

"असं कसं? उघडलं म्हणून त्यानंच उघडलं असं थोडंच ठरतं?"

"मला कोर्टात जायचं न्हाई, शैले. असू शकतं का, एवढंच मला पायजे."

मी कुलूप पिशवीत टाकलं आणि दवाखान्यात गेले. दिवसभर ते माझ्या पायाशी पडून होतं.

त्या कुलपानं मला रडवलं. ते माझ्या शिकलेल्या कुलपांच्या जातीचंच नव्हतं. आत पिना नव्हत्या, लोखंडाच्या पट्ट्या होत्या, एकावर एक. किल्लीनं सगळ्या पट्ट्या बरोब्बर हव्या तितक्या उचलल्या तरच खिट्टी मागे सरकायची. माझ्या दातांच्या सळया तिथं म्हणजे हत्तीला खाजवायला काडी. एकीचं टोक आत मोडलं, ते झटकून काढता काढता नाकी नऊ आले. दवाखान्यातून आले की चहा व्हायच्या आधी मी कुलूप घेऊन बसायची, आणि तात्या समोरच्या खुर्चीवर.

"कुठवर आलं?"

"तात्या, ही काय खिचडी आहे का, कुठवर आली विचारायला?"

"न्हाई, नुसतं इचारलं."

थोड्या वेळानं पुन्हा, "जोर कमी पडतोय का?"

"जोरच जास्त होतोय! तुम्ही असे डोळे लावून बसलात की माझा हात जड होतो. जरा बाहेर फिरून या बघू."

ते उठायचे, अंगणात जायचे आणि खिडकीतून बघायचे.

शेवटी एका रविवारी सकाळी जमलं. सायकलच्या दुकानातून आणलेला षटकोनी पाना कानशीनं घासून त्याचं टोक खिट्टीला लागेल असं केलं, वायपरची पट्टी दुमडून तिनं पट्ट्या उचलल्या. खिट्टी जड आवाज करत सरकली. मी ओरडलेच. तात्या न्हाणीतून तसेच, अर्धे ओले, बाहेर आले. कुलूप बघितलं. मग माझी हत्यारं उचलून बघितली, आणि तोंड उतरलं.

"हे त्याला कुठनं मिळनार?"

"कुणाला?"

"आतल्याला. त्याच्याजवळ सायकलचं दुकान हुतं व्हय?"

इतका राग आला मला! बोटांची सालं निघाली होती माझ्या. पण म्हणणं खरं होतं. मीही हट्टाला पेटले. म्हटलं, "बरं. काय काय असायचं आत त्याच्यापाशी? सांगा."

तात्या पाटावर बसले आणि जेलात झडती घेतल्यासारखं एकेक सांगायला लागले. एक घोंगडी. एक सतरंजी. ॲल्युमिनची थाळी. चहाचा मग. चमचा नाही, चमचा देत नसत. केरसुणी, पण शिंदीची, तारेची नाही. पाण्याची बादली.

"बादली कसली?"

"लोखंडी पत्र्याची. असती की आपली. वर जाड तारेची कडी…"

ते थांबले. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, छातीत दुखतंय की काय.

"तात्या? पाणी आणू?"

"कडी नव्हती," ते म्हणाले. "सुतळी हुती. त्याच्या बादलीला सुतळी बांधलेली हुती. मी बघितलेली. इचारलंबी हुतं, कडी कुठाय रं? तर म्हनला, गंजून तुटली, टाकली संडासात. मी म्हनलो, बरं."

"कधी?"

"लई आधी. म्हयनाभर असंल. म्हयनाभर ती बादली रोज मी डोळ्यांनी बघत हुतो."

मी कुलूप टॉवेलवर ठेवलं.

"मंजी चूक माझीच हाय," तात्या म्हणाले. "पर ती न्हवं."

त्याच दिवशी ते जुन्या बाजारातून पत्र्याची बादली घेऊन आले. मी तिची कडी काढली. तात्यांनी कानस वापरू दिली नाही. आत कानस कुठली? फरशी असते, म्हणून फरशीवर घासायचं. दगडानं ठेचायचं. मी मागच्या पायरीवर बसून तार ठेचत होते, घासत होते, तोडायला पुढं-मागं वाकवत होते. शेजारच्या इंगळेवहिनी भिंतीवरून डोकावल्या. "काय गं शैला, लोहारकी काढलीस?" म्हटलं, होय, दवाखान्यात दात बसवायचेत. त्या दिवसांत माझ्या हाताला सतत गंजाचा वास यायचा. डॉक्टर म्हणाले, बाई, हात धुऊन येत जा.

आठवडाभरानं दोन तारा हव्या तशा झाल्या. एक जाड, टोकाला काटकोनात वळलेली, खिट्टी दाबायला. दुसरी चपटी केलेली, पट्ट्या उचलायला. सोप्यात बसून मी कुलूप उघडलं. वेळ लागला, पण उघडलं.

"असं न्हवं," तात्या म्हणाले. "कुलूप तुझ्याकडं तोंड करून हाय. त्याच्याकडं पाठ हुती."

खरंच की. जेलात कुलूप गजांच्या बाहेर. कैदी आत. त्यानं गजांतून हात बाहेर काढायचा, मनगट उलटं वळवायचं आणि न बघता काम करायचं.

आमच्या व्हरांड्याला गजांचं दार होतं. रविवारी सकाळी, जेवणाआधी, मी आत बसले. तात्यांनी बाहेरून कडीत ते काळं कुलूप अडकवलं, किल्ली फिरवली आणि किल्ली खिशात टाकून समोर उभे राहिले. अंगात धुतलेला सदरा घातला होता. का, ते मी विचारलं नाही.

इंगळेवहिनी पुन्हा आल्या. "अगंबाई! शैला, कोंडून घातलं का काय तुला?"

"व्हय," तात्या म्हणाले. "लई बोलायला लागलीय."

त्या हसत गेल्या. तात्या हसले नाहीत.

दोन्ही हात गजांतून बाहेर काढले तर कोपर अडकत होतं. डावं मनगट उलटं करून जाड तार आत घातली. उजव्या हाताला कुलपाचं भोक सापडेना. चाचपून चाचपून चपटी तार आत गेली. पहिली पट्टी उचलली, दुसरी निसटली. घाम डोळ्यात उतरायला लागला, पुसायला हात मोकळा नाही. एकदा चिडून मी जोर दिला तर जाड तार वाकली. ती काढून फरशीवर ठेचून सरळ केली, परत घातली. हाताला मुंग्या आल्या. मनात म्हटलं, त्या मेल्यानं हे अंधारात केलं असेल, पाळीवरचा शिपाई फेरी मारून पलीकडे जाईपर्यंत केलं असेल. त्याला तर नुसतं दार नको होतं, आयुष्य हवं होतं. मग मी डोळे मिटले. कारण नाही तरी बघायचं काही नव्हतंच. हात सैल सोडला. पट्टी उचलली गेल्याचं बोटाला कळलं. मग पुढची.

कुलूप उघडून कडीत लोंबलं.

तात्या पुढं आले नाहीत. आहे तिथूनच बघत राहिले. सकाळी येऊन बघितल्यासारखे.

"परत कर," ते म्हणाले आणि पुढं येऊन किल्ली फिरवली.

परत केलं. या वेळी लवकर झालं.

मग त्यांनी कुलूप काढून घेतलं, उन्हात नेलं, भिंगानं बघितलं. बाहेर काही नाही. कुलूप कुशीत धरून ते पायरीवर बसले. मला वाटलं, आता सुटले. पंचवीस-एक वर्षांचं ओझं उतरलं, आता रडतील, मोकळे होतील. मीही त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "तात्या, तुम्ही लावलं होतं. विसरला नव्हतात."

ते म्हणाले, "मंजी केरबा खरं बोलला."

"केरबाकाका? ते काय बोलले होते?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. तोवर मला वाटत होतं की दोघांवर एकच ठपका होता, हलगर्जीचा.

"साहेबांनी मला इचारलं, ते कुलूप लावल्याचं पक्कं आठवतं का? काय सांगू? रोज तीच कुलपं, त्याच किल्ल्या. त्यातलं एक आठवतं व्हय? म्हनलो, न्हाई आठवत. म्हनले, राहिलेलं असू शकतं का? म्हनलो, असू शकतं, साहेब."

"खरं तेच सांगितलंत की मग."

"तितं थांबलो असतो तर बरं झालं असतं." तात्यांनी कुलूप बाजूला ठेवलं. "केरबानं जबाब दिला हुता. बॅटरी मी धरली हुती, हवालदारांनी किल्ली फिरवलेली मी डोळ्यांनी बघितली, असा. साहेबांनी मला ते वाचून दावलं. म्हनले, ह्याचं काय? मी म्हनलो, साहेब, ते पोरगं मला भावासारखं मानतंय. मला वाचवायला बोलतंय."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"तेवढ्यावर त्याला काढलं. खोटी साक्ष दिली म्हनून. आन् मला म्हनले, तू खरं बोललास, तुझी नोकरी ठेवतो."

"आणि तुम्ही ठेवून घेतलीत?"

"मला ते खरंच वाटत हुतं, शैले! कुलूप साबूत हाय, किल्ली पेटीत हाय, मग दुसरं काय असंल? जेलच्या दाराशी मी त्याला धरून म्हनलो, केरबा, माझ्यापायी खोटं कशाला बोललास? तो नुसता बघत राहिला माझ्याकडं. पिशवी उचलून गेला."

"तात्या," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला, "तुमच्या खरेपणानं त्या माणसाचं घर बसलं की हो! आणि तुम्ही वर त्यालाच ऐकवलंत?"

रागाच्या भरात बोलून गेले. बापाला असं कधी बोलले नव्हते. पण ते म्हणाले, "बोल. तेच बोलायला कुनीतरी पायजे हुतं."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात सुट्टी सांगितली. केरबाकाकांचं गाव एसटीनं दीड तासावर. इतकं जवळ! तात्यांनी पिशवीत कुलूप, किल्ली आणि त्या दोन तारा घेतल्या. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाले, दावायला लागंल की. वाटेत त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

स्टँड म्हणजे एक पिंपरणीचं झाड आणि एक पानटपरी. टपरीवर तिशीतला माणूस होता, हसतमुख. मी विचारलं, "केरबा खोतांचं घर कुठं आलं?"

"कुठला केरबा? गावात तीन केरबा हाईत. तालमीतला, सोसायटीतला, का खोटा केरबा?"

"खोटा म्हणजे?" मी म्हटलं.

"तसंच म्हनत्यात हो, लहानपनापास्नं. जेलात हुता म्हनं आधी. शिपाई. तो पायजे व्हय? हितनं सरळ जावा, विहिरीच्या अंगाला." आणि मोकळेपणानं वर, "मानूस मातुर गरीब हाय, बरं का."

तात्यांनी टपरीचं फळकूट धरलं. मी त्यांचा दंड धरायला गेले तर त्यांनी झटकला आणि चालायला लागले.

विहिरीच्या बाजूला कौलारू घर. अंगणात पोत्यावर बसून एक म्हातारा वांग्यांच्या पाट्या लावत होता, किडकी एकीकडे, चांगली एकीकडे. केस पांढरे झालेले, पण मी लगेच ओळखलं. त्यांनीही ओळखलं. मला आधी.

"शैला न्हवं तू? केवढी थोरली झालीस." मग माझ्या मागं बघितलं. हातातलं वांगं पाटीत ठेवलं. "या, हवालदार."

पूर्वी ते तात्यांना दादा म्हणायचे.

तात्या बसले नाहीत. अंगणात उभ्या-उभ्याच त्यांनी पिशवीतून कुलूप काढलं, तारा काढल्या. एक तार खाली पडली. मी उचलून दिली.

"केरबा, हे बघ. हे बादलीच्या कडीनं उघडतंय. आतनं. हिनं उघडून दावलं मला. त्याच्या बादलीला कडी नव्हती, सुतळी हुती, ध्यानात हाय तुझ्या? त्यानं त्याच कडीनं उघडलं आसनार. मंजी मी लावलं हुतं. तू सांगितलंस ते खरं हुतं. तू उघडून बघ पायजे तर… शैले, दाव ह्याला…"

केरबाकाकांनी कुलपाकडे बघितलंसुद्धा नाही. ते तात्यांच्या तोंडाकडे बघत होते. राग दिसेना. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मला काय दावताय, हवालदार?" ते म्हणाले. "मी हुतो की तितं. बॅटरी माझ्या हातात हुती. तुमी किल्ली फिरवली, कुलूप ओढून बघितलं, आन् म्हनला, चल केरबा, आज माझ्याकडं जेवायला चल, वैनीनं झुणका केलाय. मी आलो. जेवलो. ही पोरगी वाढत हुती."

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं.

"मला हे कळाय कुलूप लागलं न्हाई," केरबाकाका म्हणाले. "इतकी वर्सं मी माझ्या तोंडानं सांगत हुतो ते तुमाला खोटं वाटलं. आता ह्या लोखंडानं सांगितलं, ते खरं वाटलं व्हय?"

आतून एका बाईचा आवाज आला, कोण आलंय हो?

तात्यांनी कुलूप खाली मातीत ठेवलं. डोक्यावरची टोपी काढली. मग गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, ते खाली वाकले आणि केरबाकाकांच्या पायांवर डोकं ठेवलं.

तात्या त्यांच्याहून वयानं मोठे, हुद्द्यानंही मोठे. आमच्या भागात थोरला माणूस असा धाकट्याच्या पाया पडायला लागला तर धाकटा चटका बसल्यासारखा मागं सरतो, असं करू नका, मला पाप लागेल म्हणतो, खांद्याला धरून उठवतो. मी वाट बघत होते की आता केरबाकाका तसं करतील.

त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. पोत्यावर ताठ बसून राहिले आणि तात्यांना पाया पडू दिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. बराच वेळ झाला. तात्यांना एकट्यानं उठता येईना, तेव्हा मीच खाली बसून त्यांना हात दिला.